चेस्टनटचं झाड सहा-सात वर्षं छान वाढतं आणि मग वाळतं: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

लक्षणं जवळजवळ सगळ्यांची सारखीच असतात. अमेरिकन चेस्टनट, म्हणजे काटेरी बोंडांत खायचे दाणे येणारं इथलं जंगली झाड, त्याचं रोप लावलं, चौथ्या वर्षी ते डोक्याच्या वर गेलं, सहाव्या वर्षी खोड मनगटाएवढं झालं. मग एका जुलैत, बाकी झाड हिरवंगार असताना, एकाच फांदीची पानं करपतात. गळत नाहीत, तशीच लोंबत राहतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वरचं सगळं वाळलेलं. करवत घेऊन जावं तर बुंध्यातून आठ-दहा तजेलदार फुटवे आलेले दिसतात. ते वाढतात, आणि सहा-सात वर्षांनी पुन्हा तेच.

पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरउतारावर मी पंधरा वर्षं ही झाडं लावतोय. हे चक्र माझ्याच जागेत दोनदा पाहिलंय. इथे, व्हर्जिनियात, कनेक्टिकटमध्ये ज्या मराठी घरांकडे दोन-चार एकर जागा आहे त्यांतले काही जण हौसेने हे झाड लावतात आणि दर उन्हाळ्यात मला फोटो पाठवतात, 'दादा, झाड गेलं, उपटून टाकू का?'

उपटू नका. आधी बुंध्याशी बसा आणि मुळं जिवंत आहेत का ते बघा. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर ठरतं.

पण त्याआधी, झाड नेमकं कोणतं?

हा प्रश्न आधी विचारायचा, कारण मला आलेल्या फोटोंमधली निम्मी झाडं अमेरिकन चेस्टनटची नसतातच. हॉर्स चेस्टनट हे वेगळ्याच कुळातलं झाड, त्याच्या बिया विषारी. शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, त्याचाही याच्याशी काही संबंध नाही. खरा घोळ होतो तो चिनी चेस्टनटमध्ये. रोपवाटिकांमधून सर्वांत जास्त तेच विकलं जातं.

पान उलटं करून बोट फिरवा. चिनी पानाच्या खालच्या बाजूला मऊ लव लागते, डहाळीच्या टोकालाही लव असते. अमेरिकन पान पातळ, लांबट, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, आणि कडेचे दाते लाटेच्या टोकासारखे पुढे वळलेले. डहाळी लालसर तपकिरी, कळी टोकदार. संकरित रोपांत ही लक्षणं मिसळलेली असतात, तिथे नुसत्या नजरेवर विसंबू नये. द अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन ही संस्था पान आणि डहाळीचा नमुना पाहून झाड ओळखायला मदत करते. चिनी झाड वाळत असेल तर कारण बहुधा वेगळंच असतं, आणि खालचं बरंचसं त्याला लागू नाही.

मरण वरून येतंय की खालून?

बुंध्याजवळची माती हाताने चार बोटं बाजूला करा. चाकूच्या टोकाने मुळाची साल अगदी थोडी खरवडा. आत पांढरट-हिरवट, ओलसर दिसलं तर मुळं जिवंत आहेत आणि मरण वरून येतंय. काळपट, मऊ, शाई सांडल्यासारखा डाग दिसला तर खालून येतंय. दोन्ही रोगांवरचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. चुकीच्या उपायात दोन-दोन हंगाम वाया गेलेले मी पाहिलेत, त्यातला एक माझा.

वरून येणारा रोग म्हणजे चेस्टनट ब्लाइट. आपण त्याला सालीचा करपा म्हणू. खोडावर कुठेतरी साल खचलेली किंवा सुजून फाटलेली दिसेल. त्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके असतात, पाऊस झाल्यावर जास्त उठून दिसतात. साल उचकटली तर आत फिक्या बदामी रंगाची बुरशी पंख्याच्या आकारात पसरलेली असते. नारिंगी ठिपके आणि बदामी पंखे, दोन्ही दिसले की शंका उरत नाही. चट्ट्याच्या लगेच खालून नवे फुटवे येणं हीसुद्धा याचीच खूण.

ठिपके नाहीत, पण खोडाच्या नैर्ऋत्य बाजूला उभी लांबट साल मेलीय? ते हिवाळ्याचं काम. दुपारच्या उन्हाने साल तापते आणि रात्री एकदम गोठते. खोडातून काडीसारखा भुशाचा बारीक दांडा बाहेर आलेला दिसला तर तो अँब्रोसिया भुंगेरा. तो वसंतात, ताणाखाली असलेल्या कोवळ्या झाडांवर येतो. रोपाभोवती प्लॅस्टिकची संरक्षक नळी असेल तर आतलं हे काही दिसत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये नळी वर उचलून बघत जा. भुंगेऱ्याने खाल्लेलं खोड खाली कापलं की निरोगी मुळातून बहुतेक वेळा पुन्हा फूट येते.

करपा असेल तर

हा रोग 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हर्मन मर्केल यांच्या लक्षात आला. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर ही बुरशी आली होती. तिकडच्या झाडांना तिची सवय होती, इथल्यांना नव्हती. 1950 पर्यंत मेनपासून जॉर्जियापर्यंतच्या अॅपलेशियन डोंगररांगांच्या पट्ट्यातली तीन ते चार अब्ज झाडं गेली. हा आकडा मी कित्येकदा वाचलाय, तरी जंगलात जुन्या चेस्टनटच्या बुंध्यावर हात ठेवला की अजून घसा दाटतो.

मर्केल यांनी पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? रोगट फांद्या छाटल्या आणि बोर्डो मिश्रण फवारलं. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूसही तेच करेल. मोरचूद आणि चुना कालवून बुंध्याला पेस्ट लावणं आपल्या हातात मुरलेलं असतं. इथे त्याचा उपयोग होत नाही, कारण बुरशी सालीवर नसते, सालीखाली असते. पेनसिल्व्हेनिया राज्याने 1911 मध्ये या रोगासाठी खास आयोग नेमला. रोगट झाडं तोडून पुढे पसरणं थांबवायचा प्रयत्न केला, आणि 1913 मध्ये तो आयोग गुंडाळावा लागला. तेव्हा फवारणीवर पैसे घालू नका.

बुरशी सालीच्या चिरेतून शिरते आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडत पुढे सरकते. अळूने घसा खवखवतो त्यामागेही ऑक्झॅलेटचेच स्फटिक असतात, त्यामुळे हा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. इथे ते आम्ल सालीखालचा जिवंत थर मारतं आणि मेलेल्या थरावर बुरशी वाढते. चट्ट्याने खोडाला पूर्ण वेढा घातला की वरच्या भागाचा पुरवठा तुटतो. कोवळं, गुळगुळीत खोड त्यामानाने बचावतं. साल भेगाळू लागली की बुरशीला दारं उघडतात. म्हणून सहा-सात वर्षं सगळं ठीक चाललेलं असतं आणि मग एकदम घात होतो.

मुळं मात्र वाचतात. मातीतले इतर सूक्ष्मजीव या बुरशीला तिथे टिकू देत नाहीत. मातीच्या या गुणावरच हाताशी असलेला सर्वांत साधा उपाय उभा आहे, तो म्हणजे चिखलाचं लिंपण.

त्याच झाडाच्या बुंध्याजवळची माती घ्या, पाणी घालून घट्ट चिखल करा, आणि चट्ट्यावर दोन बोटं जाड थापा. चट्टा जिथे संपतोय असं वाटतं तिथे थांबू नका. वर-खाली आणि बाजूंनी वीतभर पुढे जा, कारण सालीखाली रोग दिसतो त्यापेक्षा पुढे गेलेला असतो. वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळून दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे चिखल वाळणार नाही. वाढीच्या हंगामात किमान दोन महिने तसंच ठेवा. मी मे महिन्यात बांधतो आणि ऑगस्टच्या शेवटी सोडतो. सोडल्यावर कडेने नवी साल गोल फुगून आलेली दिसली की काम झालं. बाजारातली निर्जंतुक केलेली कुंडीची माती यासाठी वापरू नका. आपल्याला मातीतला जीवच हवा आहे.

याला मर्यादा आहेत. हात पोचतो तिथपर्यंतच लिंपण होतं. एक चट्टा बरा झाला म्हणून दुसरा होणार नाही असं नाही. चट्ट्याने खोडाचा अर्ध्याहून जास्त घेर खाल्ला असेल तर मी ते खोड सोडून देतो आणि चट्ट्याच्या खाली कापतो. कापणी थंडीत, कोरड्या दिवशी. करवत प्रत्येक झाडानंतर अल्कोहोलने पुसायची. कापलेला माल तिथेच पडू द्यायचा नाही, कारण मेलेल्या सालीवरही बुरशी जगते आणि पाऊस, वारा, किडे, पक्षी तिचे बीजाणू पुढे नेतात.

फुटव्यांचं काय? सगळे ठेवले तर झुडूप होतं, एकच ठेवला तर तो गेल्यावर पुन्हा शून्य. मी तीन ठेवतो, वेगवेगळ्या जाडीचे, म्हणजे सगळे एकाच वेळी भेगाळणाऱ्या वयात येत नाहीत. हा माझा ठोकताळा आहे, पण माझ्याकडे त्यामुळे झाडाला फुलोरा येईपर्यंत एखादं तरी खोड उभं राहिलंय.

बरेच जण विचारतात की युरोपात म्हणे एका विषाणूने हा रोग आटोक्यात आला, तो इथे का आणत नाही? गोष्ट खरी आहे. इटलीत 1950 च्या दशकात काही झाडांवरचे चट्टे आपोआप भरून येताना दिसले. पुढे फ्रान्समध्ये उलगडलं की त्या बुरशीलाच विषाणूची लागण होऊन ती दुबळी झाली होती. पण हा विषाणू एका बुरशीतून दुसरीत जायला दोघींचं जुळावं लागतं. अमेरिकेत या बुरशीचे एकमेकांशी न जुळणारे गट फार आहेत, त्यामुळे सोडलेला विषाणू आपणहून पसरत नाही. मिशिगनमध्ये काही ठिकाणी तो टिकला. विस्कॉन्सिनच्या वेस्ट सेलमला मूळ पट्ट्याबाहेर लावलेल्या झाडांचं मोठं रान आहे, तिथे 1987 मध्ये करपा सापडल्यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं हा प्रयोग केला. घरच्या मागीलदारी करण्यासारखा हा उपाय नाही.

मुळं काळी असतील तर

माझा वाया गेलेला हंगाम तो हाच. पहिली बारा रोपं मी घरामागच्या सपाट, गवताळ तुकड्यात लावली, कारण नळ जवळ होता. तिसऱ्या वर्षी सात रोपं पिवळी पडून मेली. खोडावर चट्टा नव्हता, तरी मी करप्याच्या नावाने लिंपणं बांधत बसलो. मुळं उकरून पाहिली तेव्हा सगळी काळी होती, आणि त्या बुंध्यांतून पुन्हा एकही फुटवा आला नाही.

हा शाई रोग, मुळं कुजवणारा फायटॉप्थोरा. नागपूरच्या संत्र्यावर डिंक्या आणणाऱ्यांचा हा भाऊबंद. दक्षिणेकडच्या सखल भागातली चेस्टनटची झाडं त्याने करपा येण्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात मारायला सुरुवात केली होती. कॅरोलिना, जॉर्जिया, व्हर्जिनियाचा पायथ्याकडचा भाग, जड चिकणमाती, पाणी साचणारी जागा, ही त्याची घरं. कडाक्याने गोठणाऱ्या जमिनीत तो सहसा टिकत नाही. पण रोपवाटिकेतून कुंडीबरोबर येऊ शकतो, बुटांच्या चिखलातूनही.

इथे संत्रा बागायतदाराचं शहाणपण थेट उपयोगी पडतं. तिकडे पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात, डोळा जमिनीपासून उंच भरतात. तसंच इथे उतारावर किंवा उंचवट्यावर लावा, आच्छादन खोडाला चिकटू देऊ नका, ठिबक बुंध्यापासून लांब ठेवा. लावण्याआधी हातभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. रात्रभरात पाणी उतरलं नाही तर ती जागा चेस्टनटसाठी सोडून द्या. फॉस्फाइट या औषधाच्या आळवणीने रोग दबतो, जात नाही. आणि मुळं कुजून मेलेल्या जागी पुन्हा अमेरिकन चेस्टनट लावू नका, माती तिथे रोग धरून राहते. माझ्या त्या तुकड्यात आता दुसरी झाडं आहेत.

जमिनीचा सामू (पीएच) पाच-साडेपाचच्या आसपास असावा. जंगलात हे झाड कडेकपारीच्या आम्ल, निचऱ्याच्या जमिनीत उभं असायचं, चुनखडीच्या दऱ्यांत नाही. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर हिरवळीसाठी टाकलेला चुना तिथपर्यंत पोचलाय का ते आधी बघा. ऑगस्टनंतर नत्र देऊ नका, उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत जळते.

'रोगप्रतिकारक' म्हणून आणलेलं रोपही गेलं

या तक्रारीमागचं दुःख मला कळतं. लोकांनी पैसे दिलेले असतात, नातवंडांच्या नावाने झाड लावलेलं असतं. पण 'रोगप्रतिकारक' हा शब्द इथे 'रोग होणारच नाही' या अर्थाने कोणी वापरत असेल तर तो चुकतोय. चिनी झाडालाही चट्टे पडतात, ते त्याला पुरून उरतं इतकंच.

वर सांगितलेल्या चेस्टनट फाउंडेशनची स्थापना 1983 ची. चार्ल्स बर्नहॅम या मक्याच्या अभ्यासकाची कल्पना अशी होती की चिनी आणि अमेरिकन झाडांचा संकर करायचा, मग त्या संततीचा पुन्हा पुन्हा अमेरिकन झाडाशी संकर करत जायचं, म्हणजे तिसऱ्या फेरीनंतर झाड सोळापैकी पंधरा हिस्से अमेरिकन होईल आणि चिनी रोगप्रतिकार तेवढा शिल्लक राहील. व्हर्जिनियातल्या मेडोव्ह्यूच्या शेतावर 1989 पासून हे काम चाललं. रोगाला तोंड देणारे दोन-तीनच जनुक असतील असा अंदाज होता. झाडांची जनुकं तपासल्यावर दिसलं की ही शक्ती पुष्कळ जनुकांत विखुरलेली आहे. त्यामुळे अमेरिकन वाटा जितका वाढवत जाल तितकी प्रतिकारशक्ती सरासरीने उतरत जाते. एकाच बोंडातले दोन भाऊसुद्धा सारखे निघत नाहीत.

म्हणून संकरित रोप एक-दोन आणू नका. जागा असेल तर वीस लावा, दाट लावा, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी करपा आल्यावर कोण किती टिकतंय ते बघून निवड करा. वीसातली तीन चांगली निघाली तर मी ते वर्ष चांगलं मानतो. ज्याला एकच झाड हवं आहे आणि फळं खायची आहेत त्याने चिनी लावावं, त्यात कमीपणा नाही. पण त्याला अमेरिकन म्हणू नये, आणि जंगलाला लागून लावू नये.

दुसरी वाट गव्हाची. न्यूयॉर्क राज्याच्या सिराक्यूजमधल्या वनविद्या महाविद्यालयात विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी गव्हाचा एक जनुक चेस्टनटमध्ये घातला. त्यापासून तयार होणारं विकर (एन्झाइम) ऑक्झॅलिक आम्ल फोडून टाकतं. बुरशी मरत नाही, पण तिच्या हातातलं हत्यार जातं. 'डार्लिंग 58' या नावाने 2020 मध्ये सरकारी परवानगीसाठी अर्ज झाला. डिसेंबर 2023 मध्ये फाउंडेशनने पाठिंबा काढून घेतला. तपासलेली झाडं 58 ची नसून 54 क्रमांकाच्या वंशाची निघाली होती, आणि त्या वंशात गव्हाचा जनुक जिथे बसला तिथे झाडाचा स्वतःचा एक जनुक मोडला होता. वाढ आणि टिकाव दोन्ही अपेक्षेपेक्षा कमी दिसत होते. महाविद्यालयाने काम सोडलेलं नाही. पॉवेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. आयुष्यभर एका झाडामागे राहिलेला माणूस, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एखाद्या जाहिरातीत गव्हाच्या जनुकाचं रोप दिसलं तर पैसे देण्याआधी परवानगीचे कागद मागा.

बोंडं भरपूर, दाणे पोकळ

काटेरी बोंड उघडावं आणि आत तीन चपटी टरफलं निघावीत, तर परागीभवन झालेलं नाही. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसरं, वेगळ्या बीजाचं झाड लागतं. एकाच बुंध्यातले तीन फुटवे म्हणजे तीन झाडं नव्हेत, ते एकच झाड आहे. फुलोरा जून-जुलैमध्ये येतो, आणि सावलीतला फुटवा वर्षानुवर्षं फुलत नाही. वरची एखादी मेपलची फांदी काढून ऊन पाडलं तर दोन-तीन वर्षांत फुलू शकतो.

दाणे मिळालेच तर वाळवू नका. फणसाच्या आठळीसारखं हे बी आहे, सुकलं की मेलं. त्याच दिवशी ओलसर पीटमध्ये घालून फ्रिजमध्ये तीन महिने ठेवा. मार्चच्या आसपास पांढरं मूळ बाहेर येतं. मूळ खाली करून बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरा. लगेच जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि खारी एका रात्रीत सगळी ओळ उकरतात. पुढे पाच फुटांची तारेची जाळी हरणांसाठी.

खोड वाचणारच नाही अशी वेळ आली, पण झाड जुन्या जंगलातल्या बुंध्याचं, खऱ्या अमेरिकन रक्ताचं असेल, तर अजून एक गोष्ट हातात आहे. छाटकलमं याची जवळजवळ लागतच नाहीत, पण डहाळीचं कलम लागतं. फेब्रुवारीच्या शेवटी, कळ्या झोपेत असताना, चट्ट्यापासून लांबच्या फांदीवरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळ्या कापा, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपाला, पालवी फुटू लागली की पाचर कलम करा. खुंट अमेरिकनच घ्या, चिनी खुंटावर ते काही वेळा सुरुवातीला लागतं आणि दोन वर्षांनी जोडातून सुटतं. माझ्या उतारावर वरच्या कोपऱ्यात अशी चार कलमं आहेत. ज्या मूळ झाडावरून डहाळ्या घेतल्या होत्या त्याचं खोड त्याच उन्हाळ्यात वाळलं. यंदा कलमांपैकी दोघांना फुलोरा आला, आणि त्यांच्यापासून तीस पावलांवर दुसऱ्या बीजाचं झाड उभं आहे.